कच्ची कोको पूड
कच्ची कोको पूड म्हणजे कोकोच्या झाडाच्या (शास्त्रीय नाव : थिओब्रोमा काकाओ) बिया न भाजता, त्यांतील बरीचशी चरबी दाबून काढून, उरलेली पेंड दळून तयार केलेली पूड होय. नेहमीच्या कोको पुडीसाठी बिया आधी भाजल्या जातात. दोन्हींतील मुख्य फरक हाच. बाजारात ही पूड बहुधा 'रॉ काकाओ पावडर' या नावाने विकली जाते. खजूर, सुकामेवा, ओट्स, चिया, नारळाचे दूध इत्यादींपासून घरी केल्या जाणाऱ्या आणि 'आरोग्यदायी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लाडू, वड्या, पुडिंग व पेयांत तिचा वापर होतो. पूड साखरविरहित असून चवीला कडवट, तुरट व किंचित आंबट असते.

नाव व व्याख्या

'काकाओ' आणि 'कोको' हे शब्द एकाच वनस्पतीचे वाचक आहेत. मेसोअमेरिकेतील भाषांतील 'काकाव' किंवा 'काकावात्ल' या शब्दावरून स्पॅनिशमध्ये 'काकाओ' हे रूप आले व इंग्रजीत त्याचेच 'कोको' झाले. अलीकडे वेष्टनांवर 'काकाओ' म्हणजे कच्चे आणि 'कोको' म्हणजे भाजलेले असा भेद केला जातो. हा भेद व्यापारी आहे, वनस्पतिशास्त्रीय नाही. मराठीत दोन्हींसाठी 'कोको' हाच शब्द रूढ असल्याने वेष्टनावरील नावापेक्षा घटकांची यादी व प्रक्रियेची माहिती पाहणे अधिक उपयोगी ठरते.

'कच्ची' या विशेषणाला सर्वमान्य व्याख्या नाही. उत्पादक साधारणपणे ४२ ते ४८ अंश सेल्सिअस या मर्यादेचा उल्लेख करतात. ही मर्यादा पाश्चात्त्य देशांतील कच्च्या आहाराच्या चळवळीतून आलेली आहे. प्रत्यक्षात ती पाळणे सोपे नसते. फळातून काढलेल्या बियांचे किण्वन होत असताना त्यांच्या ढिगाचे तापमान आपोआप ४५ ते ५० अंशांपर्यंत चढते. शिवाय दळताना होणाऱ्या घर्षणानेही उष्णता निर्माण होते. त्यामुळे बाजारातील कच्ची म्हणवली जाणारी पूड 'न भाजलेली' असते एवढे म्हणता येते; ती उष्णतेपासून पूर्णतः अलिप्त राहिली असे मानण्यास आधार नसतो.

कोको आणि कोकम (गार्सिनिया इंडिका) यांचा नावांतील साम्यापलीकडे वनस्पती म्हणून संबंध नाही. मात्र कोकमाच्या बियांच्या चरबीचा चॉकलेटशी संबंध आहे. त्याचा उल्लेख पुढे आला आहे.

इतिहास

कोकोचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याचा वरचा भाग मानला जातो. इक्वाडोरमधील सांता आना-ला फ्लोरिडा येथील उत्खननात मिळालेल्या भांड्यांवरील अवशेषांवरून तेथे सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी कोको वापरला जात होता असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुढे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील माया आणि ॲझ्टेक समाजांत कोकोचे फेसाळ पेय प्रतिष्ठेचे मानले जाई. त्यात मिरची, व्हॅनिला, मक्याचे पीठ असे पदार्थ घालत. कोकोच्या बिया चलन म्हणूनही वापरल्या जात. कार्ल लिनेयस याने १७५३ साली या वनस्पतीला दिलेल्या 'थिओब्रोमा' या प्रजातिनामाचा ग्रीक भाषेतील अर्थ 'देवांचे अन्न' असा होतो.

कच्च्या पुडीच्या वेष्टनांवर माया किंवा ॲझ्टेक चित्रांची रेलचेल असते आणि ही पूड म्हणजे त्या प्राचीन परंपरेचा वारसा असल्याचे सुचवले जाते. हा दावा दोन कारणांनी टिकत नाही. एक तर मेसोअमेरिकेतील लोक पेयासाठी कोकोच्या बिया मातीच्या तव्यावर भाजून मगच दगडी पाट्यावर वाटत असत. दुसरे, चरबी काढलेली पूड ही वस्तूच त्यांच्याकडे नव्हती. ती १८२८ साली नेदरलँड्समध्ये व्हॅन हाउटन यांना मिळालेल्या दाबयंत्राच्या एकस्वानंतर अस्तित्वात आली. पूड पाण्यात चांगली मिसळावी व तिची तुरट चव सौम्य व्हावी यासाठी तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया करण्याची पद्धतही व्हॅन हाउटन यांच्याच नावाशी जोडलेली आहे. अशा पुडीला 'डच' किंवा अल्कलीयुक्त कोको म्हणतात. न भाजलेल्या कोकोची स्वतंत्र बाजारपेठ ही कच्च्या आहाराच्या चळवळीबरोबर वाढलेली, अगदी अलीकडची गोष्ट आहे.

निर्मिती

कोकोचे फळ थेट खोडावर व जाड फांद्यांवर धरते. एका फळात साधारणतः ३० ते ४० बिया असतात व त्यांभोवती पांढरा, गोडसर गर असतो. फळे फोडून बिया गरासह ढिगात किंवा लाकडी पेट्यांत ठेवल्या जातात. गरातील साखरेवर प्रथम यीस्ट व नंतर जिवाणू वाढतात. त्यांनी तयार केलेले मद्यार्क व ॲसिटिक आम्ल बीमध्ये शिरते, बीची रुजण्याची क्षमता नष्ट होते आणि चॉकलेटच्या चवीला आधारभूत असणारी संयुगे तयार होऊ लागतात. हे किण्वन जातीनुसार दोन-तीन दिवसांपासून आठवडाभरापर्यंत चालते. त्यानंतर बिया वाळवून त्यांतील ओलावा ७ टक्क्यांच्या आसपास आणला जातो.

येथपर्यंतची प्रक्रिया दोन्ही प्रकारच्या पुडींसाठी सारखीच असते. नेहमीच्या कोकोसाठी बिया यानंतर साधारणपणे ११० ते १४० अंश सेल्सिअस तापमानाला भाजल्या जातात. भाजताना ॲसिटिक आम्लाचा काही भाग उडून जातो आणि शर्करा व अमिनो आम्ले यांच्यातील मेयार अभिक्रियेतून चॉकलेटचा परिचित सुगंध येतो. कच्च्या पुडीत हा टप्पा नसल्याने तिला तो खमंग वास नसतो. त्याऐवजी फळांसारखी आंबट छटा व अधिक तुरटपणा जाणवतो. चॉकलेटच्या चवीची अपेक्षा ठेवून ती प्रथमच चाखणाऱ्याची म्हणूनच अनेकदा निराशा होते.

टरफल काढलेल्या बीच्या तुकड्यांना निब्ज म्हणतात. त्यांत निम्म्याहून किंचित अधिक चरबी असते. हेच कोको बटर. ते दाबून काढल्यावर उरलेल्या पेंडीची पूड केली जाते. नेहमीच्या पुडीत १० ते १२ टक्के, तर अधिक चरबीच्या प्रकारात २० ते २४ टक्के कोको बटर शिल्लक असते.

पोषक घटक

साखरविरहित कोको पुडीच्या १०० ग्रॅममध्ये साधारणतः २२८ किलोकॅलरी ऊर्जा, २० ग्रॅम प्रथिने, १४ ग्रॅम चरबी, ३३ ते ३७ ग्रॅम तंतू, सुमारे ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, १,५०० मिलिग्रॅम पोटॅशियम व १४ मिलिग्रॅम लोह असते. हे आकडे भरघोस दिसतात. परंतु १०० ग्रॅम पूड कोणी एका वेळी खात नाही. एक मोठा चमचा पूड सुमारे ५ ग्रॅम भरते आणि तिच्यातून २५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम व ०.७ मिलिग्रॅम लोह मिळते. त्यातही कोकोमधील पॉलिफिनॉल लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. कोको हा लोहाचा उत्तम स्रोत असल्याचे विधान त्यामुळे सावधपणे घ्यावे लागते. याच चमचाभर पुडीत सुमारे १०० मिलिग्रॅम थिओब्रोमाइन व १२ मिलिग्रॅम कॅफिन असते.

कोकोच्या आरोग्यविषयक कीर्तीचे मुख्य कारण म्हणजे त्यातील फ्लॅव्हॅनॉल. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ साली दिलेल्या मतानुसार रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल रक्तवाहिन्यांची लवचीकता व पर्यायाने रक्तप्रवाह सुरळीत राखण्यास साहाय्यभूत होतात. 'कॉसमॉस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील चाचणीत २१,४४२ वयस्क व्यक्तींचा समावेश होता व त्यांतील काहींना रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल असलेला कोकोचा अर्क देण्यात आला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदय व रक्तवाहिन्यांशी संबंधित एकूण घटनांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय घट झाली नाही. त्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत मात्र २७ टक्के घट आढळली. ही चाचणी अर्काच्या कॅप्सूलची होती, कोको घातलेल्या मिठाईची नव्हे.

भाजल्याने फ्लॅव्हॅनॉल कमी होतात हे खरे आहे. किण्वन व वाळवण यांतही ते घटतात, आणि या दोन्ही प्रक्रिया कच्च्या पुडीवरही झालेल्या असतात. सर्वांत मोठी घट अल्कलीच्या प्रक्रियेने होते. बाजारातील पुडींच्या २००८ सालच्या एका विश्लेषणात अल्कली न वापरलेल्या पुडीत प्रति ग्रॅम सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल आढळले. सौम्य प्रक्रिया केलेल्या पुडीत १३.८, मध्यम प्रक्रियेच्या पुडीत ७.८ आणि तीव्र प्रक्रियेच्या पुडीत ३.९ मिलिग्रॅम. यावरून फ्लॅव्हॅनॉलसाठी पूड निवडताना ती भाजलेली आहे की नाही यापेक्षा तिच्यावर अल्कलीची प्रक्रिया झाली आहे की नाही हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. अल्कलीरहित साधी पूड कच्च्या पुडीपेक्षा सहसा बरीच स्वस्त असते.

वेष्टनांवर आढळणारे 'ओरॅक' हे ऑक्सिडीकरणरोधक क्षमतेचे आकडे परीक्षानळीतील मोजमापाचे आहेत. त्यांचा शरीरातील परिणामाशी संबंध प्रस्थापित न झाल्याने अमेरिकेच्या कृषी विभागाने २०१२ साली आपली ओरॅक सूची मागे घेतली. कच्च्या पुडीतील विकरे 'जिवंत' असतात व पचनास मदत करतात, हा दावाही तसाच. विकरे ही प्रथिने असून आहारातील इतर प्रथिनांप्रमाणे त्यांचेही पचन होते.

खाद्यपदार्थांतील वापर

कच्च्या पुडीचा वापर ज्या पदार्थांना आच लागत नाही अशांतच विशेष अर्थपूर्ण असतो. १७० ते १८० अंशांच्या भट्टीत भाजल्या जाणाऱ्या केकमध्ये ती घातल्यास ती कच्ची राहत नाही. तेथे तिचे काम साधी पूडही तितक्याच चांगल्या रीतीने करते.

न भाजता होणाऱ्या पदार्थांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे खजुराचे लाडू, ज्यांना शहरांत 'एनर्जी बॉल' असेही म्हटले जाते. २०० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, १०० ग्रॅम बदाम किंवा अक्रोड, २५ ग्रॅम कोको पूड व चिमूटभर मीठ एवढ्या साहित्यात सुमारे २० लहान लाडू होतात. सुकामेवा आधी भरड वाटून मग खजूर घातल्यास मिश्रण एकसारखे होते. कोको पूड ओलावा शोषून घेते. त्यामुळे लाडू वळताना फुटू लागल्यास चमचाभर कोमट पाणी पुरते, तुपाची गरज पडत नाही. मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो. असा एक लाडू साधारण १६ ग्रॅमचा असतो व त्यातून अंदाजे ६० किलोकॅलरी आणि खजुरातील सुमारे साडेसहा ग्रॅम साखर मिळते. त्यातील कोको सव्वा ग्रॅम, म्हणजे वर दिलेल्या सरासरीप्रमाणे फ्लॅव्हॅनॉल ४३ मिलिग्रॅमच्या आसपास. २०० मिलिग्रॅमच्या प्रमाणाच्या पाव भागाहूनही कमी. लाडू पौष्टिक असतो तो मुख्यतः सुकामेवा व खजुरातील तंतूंमुळे, कोकोमुळे नव्हे.

गोडव्याच्या बाबतीत 'साखर नाही' हे वर्णन अनेकदा दिशाभूल करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुक्त शर्करेचे प्रमाण एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावे. मध, गूळ, काकवी व फळांचे रस यांतील साखर मुक्त शर्करेतच मोडते. अख्ख्या फळातील साखर या व्याख्येत येत नाही, त्यामुळे खजुराची स्थिती थोडी वेगळी आहे. तथापि त्याच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग साखरच असतो.

पेये व पुडिंगमध्ये पूड थंड दुधात थेट घातली तर तिच्या गुठळ्या होतात, कारण तिच्यातील चरबी पाण्याला दूर ठेवते. आधी दोन चमचे कोमट पाण्यात किंवा दुधात तिची लापशी करून मग उरलेले द्रव थोडे थोडे मिसळल्यास ही अडचण येत नाही. चियाचे पुडिंग याच रीतीने होते : एक कप दूध किंवा नारळाचे दूध, तीन मोठे चमचे चिया, एक मोठा चमचा कोको व चवीपुरता गोडवा एकत्र करून रात्रभर थंड जागी ठेवले जाते. पिकलेल्या ॲव्होकॅडोच्या गरात कोको फेटून केलेले मूसही लोकप्रिय आहे. त्यात ॲव्होकॅडोची चरबी सायीचे काम करते.

केळे व कोको ही जोडी स्मूदीमध्ये सर्रास आढळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मात्र केळे घातलेल्या स्मूदीतून घेतलेल्या फ्लॅव्हॅनॉलचे रक्तातील प्रमाण कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्क्यांनी कमी आढळले. केळ्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर याला कारणीभूत आहे. कापलेले केळे काळे पडते तेही याच विकरामुळे. बेरीवर्गीय फळे, अननस, संत्रे व आंबा यांत या विकराची क्रिया कमी असते. चवीसाठी केळे घालण्यास अर्थातच हरकत नाही.

घरगुती चॉकलेटसाठी कोको पूड व वितळवलेले कोको बटर यांचे मिश्रण साच्यात ओतून गोठवतात. अनेक कृतींत महाग कोको बटरऐवजी खाद्य खोबरेल तेल सुचवलेले असते. खोबरेल तेल सुमारे २४ अंशांना वितळते. थंड देशांत ही अडचण ठरत नाही, परंतु मुंबईत किंवा कोकणात असे चॉकलेट शीतकपाटाबाहेर काही मिनिटांतच सैल पडते. कोको बटर ३४ ते ३६ अंशांना वितळते. कोकमाच्या बियांची चरबी, म्हणजे कोकणात व गोव्यात भिरंडेल, मुठेल किंवा कोकम तेल म्हणून ओळखला जाणारा घट्ट पदार्थ, याहून थोड्या अधिक तापमानाला, ४० अंशांच्या आसपास वितळते. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिज चरबींना ५ टक्क्यांच्या मर्यादेत परवानगी आहे, त्यांत आंब्याच्या कोयीच्या व सालाच्या बियांच्या चरबीबरोबर कोकमाच्या चरबीचाही समावेश आहे. घरगुती वापरात खाण्यायोग्य, शुद्ध केलेलीच चरबी घ्यावी लागते. पायांच्या भेगांसाठी विकले जाणारे गोळे या कामाचे नव्हेत.

भाजावयाच्या पदार्थांत कच्ची पूड वापरायचीच असल्यास ती अल्कलीरहित साध्या पुडीसारखी समजावी. अशा पुडीचा सामू ५.३ ते ५.८ च्या दरम्यान, म्हणजे आम्लधर्मी असतो. त्यामुळे तिची खाण्याच्या सोड्याशी अभिक्रिया होऊन केक फुगतो. अल्कलीयुक्त पुडीत हे आम्ल उरलेले नसल्याने तेथे बेकिंग पावडर लागते. एकीच्या जागी दुसरी वापरताना हा बदल न केल्यास केक बसतो किंवा त्याला साबणासारखी चव येते.

सुरक्षितता

बिया भाजण्याचा हेतू केवळ चव आणणे हा नसतो. किण्वन व वाळवण उघड्यावर, बहुधा जमिनीवर पसरून होत असल्याने बियांवर साल्मोनेलासारखे रोगकारक जिवाणू येऊ शकतात आणि भाजण्याच्या टप्प्यात ते नष्ट होतात. कोरड्या व चरबीयुक्त पदार्थांत साल्मोनेला वाढत नाही, पण दीर्घकाळ जिवंत राहतो. तोच पदार्थ दुधात किंवा ओल्या पुडिंगमध्ये मिसळून बाहेर ठेवला तर वाढीस वाव मिळतो. काही उत्पादक बियांवर वाफेची प्रक्रिया करतात व तसा उल्लेख वेष्टनावर असतो. गर्भवती स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींसाठी भाजलेल्या बियांची पूड हा अधिक सुरक्षित पर्याय आहे. मध घातलेले कोणतेही पदार्थ एक वर्षाखालील बालकांना देऊ नयेत.

कोकोचे झाड जमिनीतील कॅडमियम शोषून बियांत साठवते. लॅटिन अमेरिकेतील काही भागांच्या मातीत ते अधिक असल्याने तेथील कोकोत त्याचे प्रमाण आफ्रिकेतील कोकोपेक्षा जास्त आढळते, आणि कच्च्या पुडीचा मोठा भाग पेरू व इक्वाडोर येथूनच येतो. युरोपीय संघात १ जानेवारी २०१९ पासून ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या कोको पुडीत कॅडमियमची मर्यादा प्रति किलोग्रॅम ०.६० मिलिग्रॅम आहे. भाजल्याने किंवा न भाजल्याने या धातूच्या प्रमाणात फरक पडत नाही. रोज मोठ्या प्रमाणात पूड घेणाऱ्यांच्या, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत ही बाब विचारात घ्यावी लागते.

कोकोत ऑक्झलेट भरपूर असल्याने ऑक्झलेटचे मूतखडे होण्याची प्रवृत्ती असलेल्यांना तो मर्यादित ठेवण्यास सांगितले जाते. थिओब्रोमाइन कुत्र्यांच्या शरीरात फार सावकाश विघटित होते व त्यांना विषारी ठरते. साखर नसलेल्या पुडीत ते मिठाईच्या चॉकलेटपेक्षा कितीतरी अधिक असल्याने असे लाडू पाळीव कुत्र्यांच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक असते.

भारतात

भारतात कोकोची लागवड प्रामुख्याने आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांत नारळ, सुपारी व तेलताडाच्या बागांतील आंतरपीक म्हणून होते. व्यापारी लागवडीला १९६० च्या दशकात केरळात चालना मिळाली. कर्नाटकातील पुत्तूर येथे कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना १९८६ साली सुरू झाला. काजू व कोको विकास संचालनालयाचे कार्यालय कोची येथे आहे. देशांतर्गत उत्पादन गरजेपेक्षा कमी असल्याने बिया व कोकोजन्य पदार्थ मोठ्या प्रमाणावर आयात केले जातात.

डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात कोकोचा भाव प्रति टन १२,००० डॉलरच्या वर गेला होता. महाग कोकोला पर्याय म्हणून कॅरोबच्या शेंगांची पूडही विकली जाते. ती मुळातच गोडसर असून तिच्यात कॅफिन नसते, परंतु चव कोकोहून बरीच वेगळी लागते.